पीसीओएस कळल्यावर: आधी पाळीची नोंद, मग वजनाचा काटा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओ’, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, असं लिहून येतं, डॉक्टर “वजन कमी करा, तीन महिने या गोळ्या घ्या” म्हणतात आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं. आपल्याकडे कितीतरी मुलींची पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या अंडाशयाच्या, हार्मोनच्या आजाराशी ओळख एवढ्यात उरकते. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध होते. मूल होणार नाही, मिशा येतील, डायबेटिस होईल, हे सगळं एका दमात वाचून झोप उडते. नुकतंच निदान झालेल्या मुलींसाठी, बायकांसाठी आणि त्यांच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मला स्वतःला पीसीओएस आहे, आणि सुरुवातीला कुणीतरी नीट क्रमाने सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे मांडते.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते: वजनाच्या मागे लागण्याआधी पाळीच्या मागे लागा. वजनाला महत्त्व आहेच, पण ते सावकाश हलतं. ते हलेपर्यंत पाळी पाच-सहा महिने न येणं हे अंगावर काढण्यासारखं नाही. “वजन कमी कर, मग बघू” हा अर्धाच सल्ला आहे. उरलेला अर्धा आपण मागून घ्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना पीसीओएस असतो, आणि जगभरात त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींना त्याचं निदान झालेलंच नसतं. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या वर्गात, ऑफिसात, नात्यात आणखी कुणीतरी नक्की आहे.

पहिली पायरी: निदान पक्कं आहे का, ते बघा

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा सविस्तर मांडला. तेव्हापासून त्याच्या नावात ‘सिस्ट’, म्हणजे गाठ, हा शब्द चिकटलेला आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रिपोर्टमध्ये दिसतात त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात. दर महिन्याला अंडाशयात काही बीजकोश वाढू लागतात आणि त्यांतला एक पूर्ण वाढून बीज बाहेर सोडतो. पीसीओएसमध्ये बरेचसे बीजकोश अर्ध्यावर थांबतात आणि सोनोग्राफीत ते बारीक बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. या ‘गाठी’ विरघळवायच्या नसतात, त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, आणि त्यामुळे पोटही दुखत नाही. पोटात जोरात दुखत असेल तर कारण दुसरं असू शकतं. ते वेगळं तपासून घ्या.

निदानासाठी २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही वापरतात. तीन गोष्टी पाहायच्या: पाळी अनियमित आहे का, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण आहे का, म्हणजे हनुवटी, ओठांवर, छाती-पोटावर जाड केस, हट्टी मुरुम किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, आणि सोनोग्राफीत अंडाशय तसे दिसतात का. तिन्हींपैकी दोन हव्यात, आणि असाच त्रास देणारे दुसरे आजार नाहीत हेही पाहिलेलं हवं. त्यामुळे पाळी वेळेवर येते, केस-मुरुम काही नाही, फक्त सोनोग्राफीत तसं दिसलं, तर तो पीसीओएस नव्हे. हे वाक्य दोनदा वाचा, कारण नुसत्या त्या एका कागदावर वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

वयात येणाऱ्या मुलींबाबत जास्तच जपायला हवं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिली पाळी येऊन आठ वर्षं व्हायच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये. त्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसतात. एएमएच (बीजकोशांतून येणारं एक हार्मोन) या रक्ततपासणीचंही तेच. मोठ्या बायकांत ती सोनोग्राफीच्या जागी चालते, किशोरवयात नाही. मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. रॉटरडॅमच्या निकषांनी त्यांतल्या २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, आणि पुरुषी हार्मोनची खूण असलीच पाहिजे असा कडक निकष लावल्यावर तोच आकडा १०.७ टक्क्यांवर आला. मुली त्याच, मोजपट्टी वेगळी. सोळा वर्षांच्या मुलीला जन्माचा शिक्का मारायची घाई म्हणूनच करू नये. ‘शक्यता आहे, लक्ष ठेवू’ एवढं म्हणून उपचार सुरू करता येतात.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या दोन झाल्याच पाहिजेत, कारण दोन्हींतल्या बिघाडाने पाळी अशीच लांबते. सोबत टेस्टोस्टेरॉन, आणि डॉक्टरांना वाटलं तर १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात बिघाड नाही ना हे पाहणारी तपासणी. लैंगिक संबंध आले असतील तर सगळ्यांत आधी गर्भधारणेची चाचणी. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासलं तर आकडा फसवा येतो, म्हणून कुठलीही गोळी घेत असाल तर तपासणीआधी तसं सांगा.

सोनोग्राफीविषयी मुली फार घाबरून असतात. लैंगिक संबंध आलेले नसतील तर तपासणी पोटावरूनच करतात. त्यासाठी लघवी भरलेली लागते, म्हणून तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन जायचं. आतून करायच्या तपासणीला तुमची परवानगी लागते आणि नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी एक. “लग्न झालंय का?” असं डॉक्टर विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना संबंध आलेत का हे जाणून घ्यायचं असतं. लग्न झालेलं नसलं तरी खरं उत्तर द्या, औषधं त्यावर ठरतात. आई शेजारी बसलेली असेल तर “मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय” असं डॉक्टरांना म्हणता येतं. आयांनीही तेवढा वेळ बाहेर थांबावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरी पायरी: पाळीची वही

एक साधी वही घ्या, मोबाइलमधलं अॅप घ्या किंवा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर खूण करा. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजायचे. किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का, मधेच डाग दिसले का, हेही लिहा. “माझी पाळी नेहमीच मागेपुढे होते” या वाक्यातून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. सहा महिन्यांच्या तारखा समोर ठेवल्या की उपचाराची दिशा ठरते. अॅपने वर्तवलेल्या ‘सुरक्षित दिवसां’वर मात्र पीसीओएस असताना अजिबात भिस्त ठेवू नका.

मोठ्या बायकांमध्ये २१ ते ३५ दिवसांचं चक्र नेहमीचं धरतात. पाळी सुरू झाल्यावरचं पहिलं वर्ष कशीही येवो, चालतं. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवस चालतात. मात्र पहिल्या वर्षानंतर कधीही ९० दिवसांहून मोठा खंड पडला, वर्षभरात आठाहून कमी वेळा पाळी आली, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच झाली नाही, तर दाखवायला जा.

आता ९० दिवसांवर एवढा जोर का, ते सांगते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते अस्तराला आवर घालतं आणि दोन आठवड्यांनी पाळी येऊन अस्तर गळून पडतं. पीसीओएसमध्ये अनेक महिने बीजच बाहेर पडत नाही, मग प्रोजेस्टेरॉन नाही, आणि अस्तर नुसतं वाढतच जातं. कधी ते जागोजागी सुटून पंधरा-वीस दिवस डाग लागतात, कधी तीन-चार महिन्यांनी एकदम ओतल्यासारखी पाळी येते. असं वर्षानुवर्षं चाललं तर अस्तरात बिघाड होतो आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात हा कर्करोग विरळाच, त्यामुळे एक पाळी चुकली म्हणून धसका घेऊ नका. पण “पाळी आली नाही तर बरंच, कटकट मिटली” असं म्हणून वर्ष काढू नका. किमान तीन महिन्यांतून एकदा अस्तर गळून गेलं पाहिजे. आपोआप आली नाही तर डॉक्टर १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी देतात. ती थांबवल्यावर साधारण आठवडाभरात पाळी येते. वजन कमी होवो न होवो, एवढं तर पहिल्या भेटीतच ठरवून घ्या.

बायकांत एक समज पक्का आहे की पाळी आली नाही तर ‘आत घाण साचते’. पाळीचं रक्त घाण नसतं. आणि हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरताना पाळी अगदी थोडी आली किंवा आलीच नाही, तर तिथे काही साचत नसतं, कारण अस्तर वाढतच नाही. काळजी करायची ती औषधाशिवाय लांबलेल्या पाळीची.

दर तासाला पॅड भिजत असेल, पाळी आठ दिवसांपुढे गेली असेल, चक्कर येत असेल, तर वहीत लिहून थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि हिमोग्लोबिन बघा.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांविषयी बोलायलाच हवं. गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण किंवा लग्न निघालं की मेडिकलमधून या गोळ्या सर्रास आणल्या जातात, बऱ्याचदा सासूबाई किंवा आईच आणून देतात. ज्यांची पाळी मुळातच कधी येईल याचा नेम नाही, त्यांनी अशी गोळी मनाने घेतली तर पुढची सगळी गणितं चुकतात: पाळी लांबली ती आजारामुळे, गोळीमुळे की दिवस गेल्यामुळे, हेच कळेनासं होतं. कुणाला रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असेल तर धोका आणखी वेगळा. घ्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारून घ्या. देवाच्या कामासाठी शरीराची घडी विस्कटायची गरज नाही, असं मला वाटतं, आणि हे घरात शांतपणे म्हणून पाहायला हरकत नाही. एकीने म्हटलं की दुसरीला बळ येतं.

पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणार नाहीत, असंही धरून चालू नका. बीज कधी बाहेर पडेल सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरायला हवं.

तिसरी पायरी: औषध कशासाठी दिलंय, ते विचारा

पीसीओएस मुळापासून कायमचा घालवणारं औषध आज नाही. ‘तीन महिन्यांत पीसीओएस बरा’ अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. जी औषधं आहेत ती एकेका त्रासावर आहेत, म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर विचारायचं: ही गोळी पाळीसाठी, केसांसाठी, साखरेसाठी की मुलासाठी?

नेहमी दिली जाते ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची एकत्र गोळी, म्हणजेच गर्भनिरोधक गोळी. लग्न न झालेल्या मुलीच्या हातात हे पाकीट दिसलं की घरात कुजबुज सुरू होते. इथे ती हार्मोनचं औषध म्हणून दिलेली असते. तिच्यामुळे अस्तर आटोक्यात राहतं, पाळी ठरावीक दिवशी येते, आणि रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याने मुरुम व केस हळूहळू घटतात. तिने पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली, तर ती गोळीची सवय लागली म्हणून नव्हे. मूळ त्रास होता तो पुन्हा दिसू लागला.

ही गोळी सगळ्यांना चालत नाही, आणि हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं: डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणारी अर्धशिशी, रक्तदाब, तुम्हाला किंवा जवळच्या नातलगांना पायात-फुफ्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास, सिगारेट. गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. एकच पाय सुजून दुखू लागला, छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच इस्पितळ गाठा.

दुसरं औषध मेटफॉर्मिन. डायबेटिसची गोळी का दिली म्हणून घाबरू नका. ती इन्सुलिनचं काम सुधारण्यासाठी आहे. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात, म्हणून कमी मात्रेपासून, जेवणाबरोबर घेत हळूहळू वाढवतात. खूप वर्षं घेणाऱ्यांनी बी१२ तपासत राहावं, शाकाहारी असाल तर नक्कीच. इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्या आजकाल जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर असतात. त्यांचा अपाय फारसा नाही, पण फायद्याचे पुरावेही अजून तोकडे आहेत आणि त्या महाग असतात. महिन्याचं बजेट तंग असेल तर “या नसल्या तर चालतील का?” असं सरळ विचारा. काढे, चूर्णं घेत असाल तर तेही लपवू नका.

खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोग विभाग असतो, आणि १० ते १९ वयोगटासाठी किशोरवयीनांचं ‘मैत्री’ क्लिनिक असतं. मेटफॉर्मिनसारखी जुनी औषधं जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतात.

चौथी पायरी: वजन

इथे सगळ्यांत जास्त बोलणी खावी लागतात, म्हणून आधी शरीरात काय चाललंय ते पाहू. पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन बनवायला भाग पाडतं आणि पोटाभोवती चरबी साठवायला मदत करतं. ती चरबी पुन्हा इन्सुलिनचं काम बिघडवते. इन्सुलिन चरबीला वाढवतं आणि चरबी इन्सुलिनला, असं हे चक्र चालू राहतं. त्यामुळे मैत्रीण जेवढं खाते तेवढंच खाऊन तुमचं वजन वाढत असेल, तर तो आळस नाही आणि तुमचा गुन्हाही नाही. बारीक अंगाच्या मुलींनाही पीसीओएस होतो. त्यांना “तुला कसा होईल?” म्हणून परत पाठवलं जातं, ते तितकंच चूक.

भारतीयांमध्ये कमी वजनावरही साखरेचा धोका सुरू होतो, म्हणून आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्याहून उपयोगी माप कंबरेचं: बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेलं तर लक्ष द्यायचं. शिंप्याची टेप घरात असतेच.

ध्येय छोटं ठेवा. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झालं तरी अनेक जणींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो, सहा महिन्यांत. लग्नाआधीच्या वजनावर परत जायचा हट्ट नको.

खाण्याबाबत एक दिलासा आहे: पीसीओएससाठी अमुकच एक आहार सरस, असं सिद्ध झालेलं नाही. किटो, ग्लुटेनमुक्त, दूध बंद, यांतलं काहीही सक्तीचं नाही. दूध चालत नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात काम भागतं. ताटाची मांडणी बदला: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात वरण, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात. आपल्या ताटात अनेकदा पोळी, भात आणि बटाट्याची भाजी असं तिहेरी पिष्ट असतं आणि वरण नुसतं भात ओला करण्यापुरतं. वरण घट्ट करा, वाटीभर घ्या. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांची उसळ रोज एकदा. पोह्यांत मूठभर मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घाला, उपम्याला ताकाची जोड द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण ती चार खाल्ल्या तर ज्वारीचा गुण उरत नाही. कोकणातल्या मुलींनी भात सोडून रडत बसू नये. भाताचा ढीग कमी करून माशाचा तुकडा वाढवावा.

चहाचा हिशोब मात्र करा. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण ३५ ते ४० ग्रॅम साखर फक्त चहातून, आणि त्याच्यासोबत खारी-बिस्किटं. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं तर जीभ तक्रार करत नाही.

उपवासही तसाच. चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, आणि प्रत्येकाला साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. रक्तातली साखर झपाट्याने चढवतो. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, श्रद्धा ज्याची त्याला. राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, फळं, थोडी भगर यांवर उपास छान निभतो.

बायकांच्या वजनामागे एक सवय आहे जिच्याविषयी कुठल्याच डाएटच्या कागदावर नसतं. सकाळी घाईत काही खायचं नाही, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलेलं संपवायचं, रात्री साडेदहाला दमून जेवायचं. अन्न वाया जाऊ नये म्हणून पोटात टाकलेला भात अंगालाच लागतो. सगळ्यांबरोबर बसून गरम जेवा. उरलं तर फ्रिज आहे.

उपाशी राहून वजन पाडायला जाऊ नका. फार कमी खाल्लं आणि व्यायाम फार केला, तर मेंदूच पाळी थांबवतो. बारीक मुलींमध्ये अशी थांबलेली पाळी पीसीओएस समजली जाते आणि आणखी कमी खायचा सल्ला मिळतो.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं. वजन उतरवायचं असेल तर २५० मिनिटांकडे जायचं. त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम: बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जिना चढणं. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम. काटा जागचा हलला नाही तरी व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं, त्यामुळे काट्याकडे बघून व्यायाम बंद करू नका. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी. पाळीआधी अंगात पाणी धरून किलो-दीड किलो वाढतं, ते उतरतं.

वजन कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात. काही जणींना ती उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, बंद केल्यावर वजन परत येऊ शकतं, आणि ती चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

केस, मुरुम, काळी मान

हे त्रास दिखाऊ नाहीत. हनुवटीवरचा एक केस मुलीचं कॉलेजला जाणं थांबवू शकतो. थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर, जे सोयीचं ते वापरा. रेझरने केस जाड होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं. औषधांचा केसांवर परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, लेझरने दीर्घकाळ फरक पडतो. मान आणि काखा काळ्या पडतात त्या इन्सुलिनमुळे. घासून, लिंबू चोळून जात नाहीत, उलट त्वचा सोलवटते. मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी क्रीम लावू नका, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं.

मन आणि झोप

पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, म्हणून त्याची विचारपूस निदानाच्या वेळीच व्हायला हवी. उदास वाटणं दोन आठवड्यांपुढे टिकलं तर बोला; १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन केला तर पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. रात्री जोरात घोरणं आणि दिवसभर पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे का, हे तपासून घ्या.

लग्नकार्यात “किती सुटलीस गं!” म्हणणाऱ्या मावशी-काकूंना “उपचार चालू आहेत” एवढं उत्तर पुरे. आजाराचा सगळा पाढा त्यांच्यापुढे वाचायला तुम्ही बांधील नाही.

मूल हवं असेल तेव्हा

“लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल” हा सल्ला वैद्यकशास्त्रात कुठेही बसत नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना थोडी मदत लागते. बीज बाहेर पडण्यासाठी आज लेट्रोझोल या गोळीला पहिली पसंती आहे. भारतात वंध्यत्वासाठी तिच्यावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. म्हणून जुनं काही वाचून दचकू नका. पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल तर वर्षभर नुसती वाट पाहायची गरज नाही, आधीच डॉक्टरांकडे जा. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्या. ती साधी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे. बायकोला सहा महिने गोळ्या देऊन झाल्यावर ती करण्यात काय अर्थ? प्रयत्न सुरू करण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आणि साखर व रक्तदाब तपासून घ्यायचे. गरोदरपणात २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी चुकवू नका.

दरवर्षी काय बघायचं

रक्तदाब आणि वजन वर्षातून एकदा तरी. कोलेस्टेरॉल निदानाच्या वेळी, पुढे गरजेनुसार. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही, पीसीओएसमध्ये ती बऱ्याचदा ठीक येते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी बघायची तपासणी मागा. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ आला तर डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहात, २०० किंवा वर गेला तर तो डायबेटिसचा आकडा, त्यावर पुढचे उपचार लागतील. ही तपासणी दर एक ते तीन वर्षांनी करायची, तुमचा धोका किती त्यावर. घरात कुणाला डायबेटिस असेल तर दरवर्षी केलेली बरी.

पाळी कायमची थांबल्यावर पाळीचा प्रश्न मिटतो, साखर आणि हृदयाकडे लक्ष मात्र त्यानंतरही ठेवायला लागतं. आणि हा आजार कुटुंबात चालत येतो. धाकटी बहीण असेल तर तिच्याही पाळीच्या तारखा लिहायला लावा, आईची साखर तपासा. भावालाही सोबत घेऊन जा: अशा घरांतल्या पुरुषांमध्येही इन्सुलिनचा बिघाड जास्त आढळतो, आणि त्यांना पाळी नसल्याने सावध करणारी खूणच मिळत नाही.